विश्लेषण : गुडघ्यावर हात टेकून उठणे म्हणजे फक्त ‘वय झाले’? स्नायूंच्या मूलपेशी वेगळ्या काढून शास्त्रज्ञ काय शोधत आहेत?

रोवणीचे दिवस आले की देवरी तालुक्यातल्या बांध्यांमध्ये साठी ओलांडलेल्या बायाही चिखलात उतरतात. दिवसभर कमरेत वाकून पऱ्हे लावायचे आणि संध्याकाळी ओसरीवरून उठताना एक हात गुडघ्यावर, दुसरा भिंतीवर ठेवायचा. घरचे म्हणतात, ‘आता वय झाले.’ शेजारचे तेच म्हणतात आणि कधी कधी दवाखान्यातही तेच ऐकायला मिळते. विषय तिथेच संपतो.

तो तिथे संपू नये. वय वाढले की स्नायू का खचतात, याचे उत्तर शोधण्यासाठी जगभरातल्या प्रयोगशाळा स्नायूंतल्या मूलपेशी आणि त्यांच्या शेजारच्या पेशी एकेक करून वेगळ्या काढत आहेत. या कामातून आतापर्यंत काय हाती लागले, त्यात भारत कुठे आहे आणि गोंदिया जिल्ह्याच्या टोकाला असलेल्या देवरीला त्याचे काय, हे समजून घेणे गरजेचे आहे.

स्नायू खचण्याला आजार म्हणायचे का?

म्हणायचे, आणि तसे म्हणायला फार उशीर झाला. वयाबरोबर स्नायूंचे वस्तुमान आणि ताकद कमी होण्याला अमेरिकी संशोधक अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस ‘सारकोपेनिया’ हे नाव सुचवले. अमेरिकेत या अवस्थेला आजारांच्या यादीत स्वतंत्र क्रमांक मिळाला तो थेट २०१६ मध्ये. चाळिशीच्या आसपास सुरू होणारी ही घट साठीनंतर वेग घेते. वस्तुमानापेक्षा ताकद जास्त झपाट्याने कमी होते, त्यामुळे हातपाय दिसायला तसेच असले तरी पाण्याची घागर उचलत नाही.

परिणाम सरळ आहेत. माणूस तोल जाऊन पडतो, खुब्याचे हाड मोडते, अंथरूण धरतो. ज्या घरात म्हातारी बाई सरपण आणते, शेळ्या सांभाळते, नातवंडांना बघते, त्या घराचे गणितच मग बिघडते. २०११च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढचे १० कोटींहून अधिक लोक होते. २०३६ पर्यंत ही संख्या २२ कोटींच्या पुढे जाईल, असा सरकारी तज्ज्ञगटाचा अंदाज आहे.

स्नायूंमध्ये मूलपेशी असतात कुठे?

१९६१ मध्ये न्यू यॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील अलेक्झांडर मॉरो यांनी बेडकाचा स्नायू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. स्नायूच्या तंतूला चिकटून, त्याच्या बाहेरच्या आवरणाखाली दडलेल्या काही छोट्या पेशी त्यांना दिसल्या. ग्रहाभोवती उपग्रह असावा तशा त्या तंतूच्या कडेला होत्या, म्हणून त्यांचे नाव ‘सॅटेलाइट सेल’ पडले. याच स्नायूंच्या मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल.

एरवी या पेशी झोपलेल्या असतात. स्नायूला इजा झाली की त्या जाग्या होतात, विभागतात, त्यातल्या काही नवे तंतू घडवतात आणि काही पुन्हा झोपी जाऊन पुढच्या वेळेसाठी राखीव राहतात. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर हे बांधीच्या कोपऱ्यात राखून ठेवलेले पऱ्हे आहेत. कुठे रोप मेले की तिथून उपटून नांगे भरायचे. प्रौढ स्नायूंमधल्या एकूण पेशीकेंद्रांत यांचा वाटा साधारण २ ते ७ टक्केच असतो. म्हणजे शोधायलाच मुळात कठीण.

पऱ्हे खराब की बांधी खराब?

म्हातारपणी जखमी स्नायू नीट भरून येत नाही, हे सगळ्यांना माहीत होते. दोष कोणाचा, हा प्रश्न होता. मूलपेशीच म्हाताऱ्या झाल्या, की त्यांच्या भोवतालची परिस्थिती बिघडली?

१९८९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातील ब्रूस कार्लसन आणि जॉन फॉकनर यांनी याची सरळ परीक्षा घेतली. म्हाताऱ्या उंदराचा स्नायू तरुण उंदरात बसवला आणि तरुणाचा म्हाताऱ्यात. म्हातारा स्नायू तरुण शरीरात चांगला भरून आला आणि तरुण स्नायू म्हाताऱ्या शरीरात मागे पडला. २००५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील थॉमस रँडो, इरिना कॉनबॉय आणि सहकाऱ्यांनी तरुण आणि म्हाताऱ्या उंदरांचे रक्ताभिसरण एकमेकांशी जोडले. म्हाताऱ्या उंदराच्या स्नायूंची दुरुस्ती सुधारली. निष्कर्ष असा की दोष मोठ्या प्रमाणात बांधीचा आहे.

पण गोष्ट इथे संपली नाही. २०१४ मध्ये बार्सिलोनातील पुरा मुन्योस-कानोव्हेस यांच्या गटाने अतिवृद्ध उंदरांच्या मूलपेशी तरुण उंदरांत घातल्या, तेव्हा त्या सुधारल्या नाहीत. त्यांच्यात ‘पी१६’ नावाचे जनुक चालू झाले होते आणि त्याने त्यांना कायमचे निवृत्त करून टाकले होते. ते जनुक दाबले तेव्हा पेशी पुन्हा कामाला लागल्या. म्हणजे उतारवयात आधी बांधी बिघडते आणि फार उशीर झाला की पऱ्हेही हातचे जातात. यातला अर्थ महत्त्वाचा आहे : मध्ये एक काळ असा असतो, की तेव्हा परिस्थिती सुधारली तर स्नायू साथ देतात. ‘वय झाले’ म्हणून गप्प बसणे म्हणजे नेमका तोच काळ वाया घालवणे.

या पेशी वेगळ्या काढतात कशा?

प्रक्रिया ऐकायला गुंतागुंतीची वाटते, पण तत्त्व धान निवडण्याचेच आहे.

पहिली पायरी : स्नायूचा छोटा तुकडा घेतात. उंदराच्या बाबतीत पायाचा स्नायू. माणसाच्या बाबतीत मांडीतून जाड सुईने काढलेला नमुना किंवा शस्त्रक्रियेत निघालेला ऊतींचा भाग, तोही लेखी संमतीने.

दुसरी पायरी : तुकडा बारीक चिरून कोलॅजिनेज आणि डिस्पेज या विकरांमध्ये ३७ अंश तापमानाला हलवत ठेवतात. पेशींना बांधून ठेवणारे धागे त्यामुळे सुटतात. मग हे मिश्रण अतिशय बारीक जाळीतून गाळतात.

तिसरी पायरी : प्रत्येक प्रकारच्या पेशीच्या पृष्ठभागावर विशिष्ट प्रथिने असतात. त्या प्रथिनांना चिकटणारी आणि लेझर पडला की चमकणारी प्रतिपिंडे मिश्रणात घालतात. जणू प्रत्येक पेशीला वेगळ्या रंगाचा बिल्ला लावतात.

चौथी पायरी : ‘सेल सॉर्टर’ हे यंत्र एकेक पेशी लेझरसमोरून सोडते, तिचा रंग वाचते, ज्या थेंबात ती आहे त्याला विद्युतभार देते आणि थेंब योग्य नळीत वळवते. सेकंदाला हजारो पेशी अशा निवडल्या जातात. लिओनार्ड हर्झेनबर्ग यांच्या गटाने १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्डमध्ये हे तंत्र घडवले.

उंदराच्या स्नायूत ‘सीडी३१’चा बिल्ला असलेल्या पेशी रक्तवाहिन्यांच्या, ‘सीडी४५’वाल्या रोगप्रतिकारक, ‘स्का-१’वाल्या आधार देणाऱ्या आणि यातले काहीच नसून ‘व्हीकॅम-१’ असलेल्या त्या मूलपेशी. म्हणजे एकाच नमुन्यातून मूलपेशी आणि त्यांचे सगळे शेजारी वेगवेगळ्या नळ्यांत मिळतात. मग तरुण आणि वृद्ध नमुन्यांतल्या त्याच त्या पेशींची तुलना करता येते.

यात एक मोठी अडचण आहे. पेशी वेगळ्या काढण्याचे काम काही तास चालते आणि तेवढ्या धक्क्याने झोपलेली मूलपेशी जागी व्हायला लागते. २०१७ मध्ये दोन स्वतंत्र अभ्यासांनी हे दाखवून दिले. म्हणजे झोपेचा अभ्यास करायला गेलेल्याने झोपलेल्यालाच हलवून उठवले! त्यावर उपाय म्हणून आता काही प्रयोगशाळा तुकडा चिरण्याआधीच रसायनाने पेशींची अवस्था गोठवून ठेवतात. अशा अभ्यासांचे निष्कर्ष वाचताना पेशी कशा काढल्या, हे विचारणे म्हणूनच आवश्यक ठरते.

शेजाऱ्यांना इतके महत्त्व का?

कारण मूलपेशी एकटी काही करत नाही. तिच्या शेजारी ‘फॅप’ नावाच्या आधारपेशी असतात. २०१० मध्ये कॅनडा आणि जपानमधील गटांनी त्यांची ओळख पटवली. तरुण स्नायूला इजा झाली की या पेशी झटपट वाढतात, मूलपेशींना वाढीचे संकेत देतात आणि काम झाले की मागे सरतात. बिघडल्या तर याच पेशी स्नायूंमध्ये चरबी आणि चिवट तंतू साठवतात. २०१९ मध्ये स्वित्झर्लंड आणि कॅनडातील संशोधकांनी दाखवले, की वृद्ध उंदरांच्या फॅप पेशी ‘विस्प-१’ नावाचे प्रथिन पुरेसे सोडत नाहीत. ते बाहेरून दिले, तेव्हा मूलपेशींचे काम सुधारले.

२०१५ मधला आणखी एक अभ्यास अधिक धक्कादायक होता. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठात प्रौढ उंदरांच्या मूलपेशी जवळपास नाहीशा करण्यात आल्या. ते उंदीर म्हातारे झाल्यावर त्यांचे स्नायू इतर उंदरांपेक्षा जास्त झिजलेले नव्हते! मोठी इजा भरून काढायला मूलपेशी लागतातच, पण वयाबरोबरची हळूहळू झीज केवळ त्यांच्या कमतरतेने होत नाही. नसांचे जोड, संप्रेरके, आहार, हालचाल, सूज या सगळ्यांचा त्यात हात असतो.

मग मूलपेशी टोचून घेतल्या तर?

वरचा अभ्यास वाचल्यावर या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. तरीही शहरांमध्ये गुडघ्यापासून तारुण्यापर्यंत सगळ्यावर ‘स्टेम सेल’ विकणाऱ्या जाहिराती मोबाइलवर येतच असतात. देवरीतला मोबाइलही त्याला अपवाद नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही ठरावीक आजारांसाठी होणारे प्रत्यारोपण सोडले, तर मूलपेशींचा इतर कोणताही वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेणे अपेक्षित नाही. उंदरांचे रक्त जोडण्याच्या प्रयोगाचा आधार घेऊन अमेरिकेत तरुणांचे रक्तद्रव विकायला सुरुवात झाली होती; २०१९च्या फेब्रुवारीत तिथल्या औषध नियामकाला त्याविरुद्ध इशारा द्यावा लागला. प्रयोगशाळेतला निष्कर्ष आणि दुकानातला दावा यांत असे अंतर असते. धानाचे पैसे हाती आल्यावर कोणी अशा इंजेक्शनसाठी लाखाची बात करत असेल, तर एकच प्रश्न विचारावा : ही मान्यताप्राप्त चाचणी आहे का, आणि असेल तर पैसे कशाचे?

भारतात यावर काम होते का?

होते. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत ज्योत्स्ना धवन यांच्या गटाने स्नायूंच्या मूलपेशी झोपेत कशा राहतात आणि जाग्या कशा होतात, यावर दीर्घकाळ काम केले आहे. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरातल्या प्रयोगशाळांना पेशी पुरवते आणि तिथे पेशी निवडणारी यंत्रेही आहेत. यंत्र आणि मनुष्यबळ दोन्ही महाराष्ट्रात आणि शेजारीच आहे.

माणसांच्या पातळीवरची मोठी नोंदही मुंबईतूनच झाली. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांची ‘लासी’ पाहणी केली. तिच्यात हाताच्या पकडीची ताकदही मोजली गेली.

तिसरा धागा पुण्याच्या केईएम रुग्णालयाचा. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तिथे जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या बाळांचे साडेतीन. पण वजनातली ही तूट सगळीकडे सारखी नव्हती. चरबी बऱ्यापैकी टिकून होती, स्नायू मात्र कमी होते. म्हणजे आपल्याकडचा माणूस स्नायूंची तिजोरी मुळातच अर्धीमुर्धी घेऊन जन्माला येतो आणि म्हातारपणी त्यातूनच खर्च करतो.

हे तीन धागे एकत्र विणले गेलेले नाहीत, ही खरी उणीव आहे. २०२४ मध्ये मानवी स्नायूंच्या वार्धक्याचे पेशीनिहाय मोठे नकाशे प्रसिद्ध झाले. त्यांसाठी नमुने आले ते युरोप आणि चीनमधून. सारकोपेनिया ठरवण्याचे जे आशियाई निकष २०१९ मध्ये जाहीर झाले, तेही प्रामुख्याने पूर्व आशियातील माहितीवर बेतलेले. पुरुषाची पकड २८ किलोपेक्षा आणि स्त्रीची १८ किलोपेक्षा कमी म्हणजे अशक्त, असे ते सांगतात. जन्मापासून बारीक असलेल्या आणि आयुष्यभर शेतात राबलेल्या गोंड किंवा हलबी बाईला ही फूटपट्टी कितपत लागू पडते? मोजल्याशिवाय कसे कळणार?

देवरीला याचे काय?

आक्षेप रास्त आहे. तालुक्याच्या ठिकाणी साधा एक्स-रे वेळेवर मिळाला तरी लोक समाधानी असतात, तिथे उंदरांच्या पेशी निवडण्यावर खर्च कशाला?

उत्तर याच जिल्ह्यातल्या एका आजारात आहे. सिकलसेल गोंदियाला नवा नाही. अमेरिकेतील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी त्याचे पहिले वर्णन १९१० मध्ये केले. रक्ताच्या मूलपेशी उंदरातून वेगळ्या काढण्यात स्टॅनफर्डच्या इर्विंग वाइसमन यांच्या गटाला १९८८ मध्ये यश आले. रुग्णाच्याच रक्ताच्या मूलपेशी काढून, जनुक दुरुस्त करून परत देणाऱ्या उपचाराला अमेरिकेत मान्यता मिळाली डिसेंबर २०२३ मध्ये. पेशी वेगळी काढण्यापासून उपचारापर्यंत ३५ वर्षे लागली, पण पहिली पायरी नसती तर शेवटचीही आली नसती. आणि त्या उपचाराची किंमत? २२ लाख डॉलर. ज्यांच्या घरात आजार आहे त्यांच्या देशात मूलभूत काम मागे राहिले, की औषध दुसऱ्याच्या भावाने घ्यावे लागते. स्नायूंच्या बाबतीत तीच चूक पुन्हा होऊ नये.

त्यासाठी देवरीत सेल सॉर्टर बसवायची गरज नाही. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ज्येष्ठांच्या तपासणीत रक्तदाब आणि साखरेसोबत पकडीची ताकद आणि चालण्याचा वेग लिहिला गेला, तरी काही वर्षांत जिल्ह्याची स्वतःची माहिती तयार होईल. पकड मोजायला एक छोटे हातात धरायचे यंत्र पुरते. पुढे कधी खुब्याच्या शस्त्रक्रियेतून ऊतींचे नमुने पुण्याला किंवा हैदराबादला पाठवायचे झाले, तर मात्र एक अट पाळावी लागेल. संमतीचा कागद लोकांना कळेल अशा भाषेत, गोंडीत किंवा झाडीबोलीत समजावून सांगितला गेला पाहिजे आणि नमुन्याचे पुढे काय झाले हे त्या गावाला परत येऊन सांगितले गेले पाहिजे. सही घेऊन निघून जाणाऱ्या पाहण्या आदिवासी भागाने पुष्कळ पाहिल्या आहेत.

तोवर काय करता येईल?

आज सर्वात भक्कम पुरावा ज्या उपायाचा आहे, तो फुकट आहे. १९९० मध्ये बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात ८६ ते ९६ वर्षांच्या १० अशक्त ज्येष्ठांना ८ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला गेला. तो पूर्ण केलेल्या ९ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीतही स्नायू ऐकतात.

घरी करता येईल अशी परीक्षा : खुर्चीवर बसावे, हात छातीवर घडी घालावेत आणि न टेकता पाच वेळा उठून बसावे. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर डॉक्टरांशी बोलावे. सुरुवात म्हणून हीच उठबस रोज थोडी थोडी करता येते. हृदयविकार, सिकलसेल किंवा सांध्यांचा तीव्र त्रास असलेल्यांनी आधी विचारून घ्यावे.

‘दिवसभर शेतात राबते, आणखी व्यायाम कशाला?’ हा प्रश्न येणारच. पण स्नायूला ताण, प्रथिने आणि विश्रांती तिन्ही लागतात. रोवणी आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात ताण अतोनात असतो, विश्रांती नसते आणि ताटात भातच भात. ज्येष्ठांसाठी तज्ज्ञ किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने सुचवतात. ५० किलोच्या व्यक्तीला ५० ते ६० ग्रॅम. एका अंड्यातून साधारण ६ ग्रॅम मिळतात. मामा तलावांच्या या जिल्ह्यात मासे आहेत, घरात डाळ आहे. घरात शेवटी जेवणाऱ्या म्हातारीच्या ताटात ते पोहोचते का, हा प्रश्न आहे. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

मूलपेशींच्या संशोधनातून उद्या औषध येईल किंवा येणार नाही. पण त्याने एक गोष्ट आताच सिद्ध केली आहे : म्हाताऱ्या स्नायूतले पऱ्हे बराच काळ जिवंत असतात, बांधी सांभाळणे आपल्या हातात असते. त्यामुळे पुढच्या वेळी कोणी गुडघ्यावर हात टेकून उठताना दिसले, तर ‘वय झाले’ म्हणण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. ताकद कधी मोजली होती? आणि आज जेवणात भाताशिवाय काय होते?